भुयारी गटारे व तळघरांतील पूर (बारामती–इंदापूर)

बारामती कऱ्हाकाठी वसले असून नीरा डावा कालवाही शहरातून जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणाच्या विसर्गाने कऱ्हेला पूर आला; मे २०२५ च्या मुसळधार पावसात बारामती-इंदापूर परिसरात घरांत पाणी शिरले, कालवा फुटला. अशा वेळी तळघरात पाणी फक्त जिन्यावरून उतरत नाही. गटाराच्या मुखापेक्षा नदी चढली की ते नळीतून उलटेही येते. म्हणून नुसते मोठ्या व्यासाचे पाइप अपुरे. सांडपाणी व पावसाचे पाणी वेगळे वाहावे, घरजोडणीवर एकदिशा झडप असावी. या अवर्षणप्रवण तालुक्यांत हा खर्च कशाला, हा आक्षेप पावसाच्या वार्षिक सरासरीवर बेतलेला आहे. गटाराची परीक्षा मात्र तासाभराच्या सरीत होते. झडपेत गाळ अडकतो, हे खरे. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीची सफाई टळत नाही.