कॅसेट ते अकाउंट : उसनवारीचा छोटासा इतिहास

मंडळी, या वीकेंडला इतिहास, पण लढाया आणि तह वगैरे नाही. विषय आहे गेम उसने देण्याचा.

टीव्हीला जोडायचा तो 'व्हिडिओगेम' आठवतोय ना? त्याची कॅसेट (कार्ट्रिज कोण म्हणायचं हो तिला!) सोसायटीतल्या निम्म्या घरांतून फिरून यायची. द्यायची कुणाला हे तिचा मालक ठरवायचा, म्हणजे दहा वर्षांचा एखादा बंड्या. बहुतेक कॅसेट पायरेटेड असायच्या, हा भाग वेगळा. पण जिथे अस्सल कॅसेट विकल्या जायच्या त्या अमेरिकेतसुद्धा मित्राला गेम द्यायला कंपनीला विचारावं लागत नव्हतं. आणि त्याचं मूळ आहे चक्क एका कादंबरीत!

झालं असं, की १९०४ साली बॉब्स-मेरिल नावाच्या प्रकाशकाने एका कादंबरीत छापलं की ही एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकाल तर कॉपीराइटचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ती खुशाल ८९ सेंटला विकली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९०८ साली कोर्टाने सांगितलं, की एकदा प्रत विकली की तिच्या पुढच्या विक्रीवर कॉपीराइटच्या जोरावर अटी घालता येणार नाहीत. नक्कल करायची नाही, पण ती प्रत विका, वाटा, उसनी द्या. याला 'फर्स्ट सेल'चं तत्त्व म्हणतात. जुन्या पुस्तकांची दुकानं आणि गेम भाड्याने देणारे व्हिडिओवाले याच तत्त्वावर जगले. १९९० मध्ये अमेरिकेने कॉम्प्युटर सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी घातली, तेव्हाही कन्सोलवरच्या गेमना त्यातून वगळलं होतं.

आता यातली मेख बघा. हे तत्त्व 'प्रत' या वस्तूला चिकटलेलं आहे. वस्तूच नसेल तर?

सप्टेंबर २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम सुरू केलं. नोव्हेंबर २००४ मध्ये हाफ-लाइफ २ आला. दुकानातून डबा विकत आणला तरी तो ऑनलाइन जाऊन स्टीमच्या अकाउंटला जोडल्याशिवाय चालायचा नाही. एकदा जोडला की डिस्क मित्राला देऊन उपयोग शून्य. गेम डिस्कमध्ये नव्हताच, तो अकाउंटमध्ये होता. आणि करारानुसार तुम्ही गेम विकत घेत नव्हता, वापरायचं लायसन्स घेत होता. (करार कोण वाचतो म्हणा! आपण सगळे 'आय अॅग्री'वाले.)

पीसीवाल्यांनी हे शेवटी गिळलं. भडका उडाला तो २०१३ मध्ये, कन्सोलवर. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. डिस्क असली तरी गेम अकाउंटला बांधलेला, कन्सोलने दर २४ तासांत एकदा ऑनलाइन हजेरी लावायची, आणि मित्राला गेम द्यायचा तर एकदाच, तोही निदान ३० दिवस फ्रेंड लिस्टमध्ये असलेल्याला. म्हणजे दोस्तीलाही प्रोबेशन पिरियड! १० जूनला सोनीने यावर अर्ध्या मिनिटाहूनही छोटा व्हिडिओ टाकला, 'प्लेस्टेशन ४ वर गेम कसा शेअर करायचा'. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबा देतो. संपला व्हिडिओ. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली.

गंमत म्हणजे त्याच योजनेत एक चांगली गोष्टही होती. घरच्या दहा जणांना आपली लायब्ररी वापरू देण्याची सोय. माघारीत तीही गेली. लोकांनी डिस्क वाचवली खरी, पण पुढे विक्रीच हळूहळू डाउनलोडकडे सरकली.

त्याच सप्टेंबरमध्ये स्टीमने फॅमिली शेअरिंग जाहीर केलं, फेब्रुवारी २०१४ मध्ये ते सगळ्यांना मिळालं. जवळचे मित्र आणि घरचे, दोघांसाठी. पण तुम्ही स्वतःचा एक गेम उघडला की भावाला तुमच्या लायब्ररीतला दुसरा कुठलाच खेळता यायचा नाही. डेटाबेसवाल्यांना लगेच कळेल: एका रो-साठी अख्ख्या टेबलाला लॉक!

हे लॉक सुटायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. स्टीम फॅमिलीजमध्ये सहा जण एकाच वेळी वेगवेगळे गेम खेळू शकतात. इंजिनियर म्हणून सांगतो, डिझाइन झकास आहे. पण अटी बघा. ही सोय एकाच घरातल्या जवळच्या नातेवाइकांसाठी. सगळ्यांची अकाउंट एकाच देशातली हवीत. कुटुंब सोडलं तर दुसऱ्या कुटुंबात जायला आधीच्या कुटुंबात सामील झाल्यापासून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबा. धाकट्याने तुमच्या गेममध्ये चीटिंग केली तर बॅन तुमच्यावरही. २०२५ मध्ये निंटेंडोनेही 'व्हर्च्युअल गेम कार्ड' आणलं. फॅमिली ग्रुपमधल्या माणसाला दोन आठवड्यांसाठी गेम द्या, मुदत संपली की तो आपोआप परत येतो.

सोयी वाढल्या यात वाद नाही. हरवलेली कॅसेट आपोआप परत आली असती तर आपल्याला हवीच होती की! पण या सगळ्या प्रवासात एक जण गळला, तो म्हणजे मित्र. २०१३ च्या स्टीमच्या घोषणेत तो घरच्यांच्या बरोबरीने होता, २०२४ च्या व्याख्येत नाही. फ्लॅटवर तीन वर्षं एकत्र राहिलेला रूममेट नातेवाईक नाही. आणि बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली, तिथलं अकाउंट झालं, की आपल्या हिशेबात ती घरचीच. स्टीमच्या हिशेबात दुसऱ्या देशातली.

बंड्या कॅसेट कुणाला देतो हे बंड्या ठरवायचा. त्याच्याशी भांडता यायचं, त्याला बॅट देऊन पटवता यायचं. आता 'आपलं माणूस कोण' याची व्याख्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि ती एका अपडेटमध्ये बदलते. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात निदान एवढा कायदा आला, की फक्त लायसन्स देत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'बाय' लिहू नका. चांगलं आहे. पण ती फक्त पाटी बदलली. १९०८ च्या कोर्टाने वाचकाला जो हक्क दिला, तसा हक्क डाउनलोड केलेल्या गेमला अजून कुणी दिलेला नाही.

तोवर पुढच्या सेलमध्ये ढीगभर गेम घेताना किमतीबरोबर एवढंही बघा, की यातला एक तरी कुणाला उसना देता येणार आहे का.