रुक्माईच्या निऱ्या

आमच्या मोडनिंबाहून पंढरपूर आगगाडीने तासाच्या आत. पण माझी आजी कार्तिकीला डोईवर तुळशीवृंदावन घेऊन पायीच जायची. एकदा परतल्यावर पाय शेकता शेकता तिने पुसले, "काय रे, रुक्माईला लुगडे पुरुषच नेसवतात म्हणे! निऱ्या नीट येतात का त्यांना?" घरात हशा पिकला. आजी मात्र हसली नाही.

तिचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. विठ्ठलाच्या सेवेची कामे पिढ्यान्‌पिढ्या वाटून दिलेली होती. पुजाऱ्याने पूजा करावी, बेणाऱ्याने मंत्र म्हणावेत, परिचारकाने स्नानाचे पाणी आणावे, हरिदासाने पदे गावीत, डिंगऱ्याने आरसा दाखवावा, दिवट्याने मशाल धरावी, डांग्याने दंड घेऊन उभे राहावे. देवापुढे आरसा धरण्यालाही माणूस नेमलेला, पण त्या माणसांत बाई एकही नाही! रुक्मिणीची पूजा उत्पातांकडे, तिथेही हात पुरुषांचेच. जनाबाईचे अभंग गात आलेल्या बायांनी पायांवर डोके ठेवावे आणि बाजूला व्हावे.

इतरत्र वारे बदलत होते. शिर्डीजवळच्या साकोरीला उपासनी महाराजांच्या आश्रमात कन्या यज्ञ करू लागल्या. पुढे पुण्याला शंकरराव थत्ते यांनी बायकांना पौरोहित्य शिकवले आणि सत्यनारायण सांगायला पुरोहितीण येऊ लागली. (आमच्या काकांनी तिच्या उच्चारात चुका शोधल्या. सापडल्या नाहीत, म्हणून दक्षिणेवर घसरले.)

पंढरीचा गाभारा उघडला तो मात्र निराळ्याच भांडणातून. वंशपरंपरेचे हक्क काढून घेणारा कायदा १९७३ चा. त्यावर वर्षानुवर्षे कज्जे चालले. १५ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचा दावा फेटाळला. भांडण बाईच्या हक्काचे नव्हतेच, हो! पण वंशाची कडी निघाली, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले. रुक्मिणीच्या पूजेला बायका उभ्या राहिल्या.

पुढे एकदा दर्शनाला गेलो, तेव्हा माझी नजर मुखाआधी निऱ्यांकडे गेली. मागून थोरली बहीण हळूच म्हणाली, "आज आजी पाहिजे होती."

आजीचे शेवटचे दुखणे या बहिणीनेच काढले होते. दहाव्याला पिंड मात्र मी ठेवला. तुला ठेवायचा आहे का, असे तिला कुणी विचारलेसुद्धा नाही. मीही नाही.