आठव्या भोकाची किंमत

फुल-फ्रेम कॅमेऱ्याची बॉडी एवढी महाग का, असं दुकानात विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘सेन्सर मोठा आहे, साहेब.’ ते खरंही आहे. पण मोठा म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच का? सेन्सर बनवणाऱ्यांनी हे माप निवडलेलं नाही. त्यांच्या हातात असतं तर ३६ या आकड्याला त्यांनी दारातही उभं केलं नसतं. या मापाचं कुळ शोधत गेलं की आपण सिनेमाच्या फिल्मच्या कडेला असलेल्या भोकांपाशी पोचतो. १९४८ साली जपानमध्ये त्यातलं एक भोक गाळायचा प्रयत्न झाला होता. तो टिकला असता तर आजची बॉडी वेगळी, बहुधा थोडी स्वस्तही असती, असं माझं मत आहे.

फिल्मच्या ३५ मिलिमीटर रुंदीबद्दल एक गोष्ट फार लाडाने सांगितली जाते. रुंदी किती हवी असं विचारल्यावर एडिसनने अंगठा आणि तर्जनी दाखवून ‘साधारण एवढी’ म्हटलं, अशी. ऐकायला छान आहे, पण माझा तिच्यावर विश्वास नाही. ईस्टमनच्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्याची फिल्म पावणेतीन इंच, म्हणजे ७० मिलिमीटर रुंद होती. ती मधोमध चिरली की एक आणि तीन अष्टमांश इंच उरतात, म्हणजेच ३५ मिलिमीटर. एडिसनचा सहकारी विल्यम डिक्सन याने असा सरळ हिशेब केला असणार. तयार माल अर्धा कापला की काहीच वाया जात नाही. बोटांपेक्षा मला कात्री जास्त पटते.

पुढचं सगळं भोकांनी ठरवलं. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ४.७५ मिलिमीटर. सिनेमाच्या एका चौकटीला चार भोकं, म्हणजे १९ मिलिमीटर. त्यात १८ मिलिमीटर उंचीचं चित्र आणि बाकीची फट. दोन्ही कडांची भोकं सोडल्यावर मधे २४ मिलिमीटर रुंदी मिळते. १९०९ साली पॅरिसच्या परिषदेत निर्मात्यांनी हेच प्रमाण मान्य केलं आणि जगभर ते पक्कं झालं. ही भोकं आपल्याकडेही पाडली गेली आहेत. दादासाहेब फाळक्यांनी विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही आणलं होतं, कारण कच्ची फिल्म कोरी येत असे. दादरच्या घरात रात्री अंधार करून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना भोकं पाडत बसत. फुल-फ्रेमच्या इतिहासात त्यांचं नाव कोणी घेत नाही. मी घेतो, कारण भोकं चुकली असती तर ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर नुसता थरथरत राहिला असता.

त्याच सुमारास जर्मनीत वेट्झलरला लाइट्झ कंपनीतला ऑस्कर बार्नाक हीच फिल्म आडवी धरून स्थिरचित्रं काढत होता. दोन सिनेचौकटी जोडल्या की आठ भोकं होतात, म्हणजे ३८ मिलिमीटर. चित्रांमधली दोन मिलिमीटरची फट वजा केली की राहिले ३६. या आठ भोकांत सौंदर्यशास्त्र काही नाही, आहे तो दुपटीचा पाढा. बार्नाकला दमा होता, जड कॅमेरा घेऊन डोंगर चढवत नव्हते, म्हणून त्याने छोटा कॅमेरा केला, ही एक कथा. सिनेमाच्या फिल्मचं एक्स्पोजर तपासायला केला, ही दुसरी. माझ्या दृष्टीने दोन्ही गौण, कारण १९१४ साली अमेरिकेत विकायला आलेला सिंप्लेक्स कॅमेराही २४ बाय ३६ चं चित्र घेत होता. त्याला ना दमा होता ना बार्नाक. चौकट दुप्पट करणं कुणालाही सुचण्यासारखंच होतं. बार्नाकचा वाटा एवढाच, की त्याचा लायका १९२५ साली बाजारात आला आणि चालला.

आता माझ्या आवडीचा भाग. १९४८ साली निप्पॉन कोगाकूने पहिला निकॉन काढला, त्याची चौकट २४ बाय ३२ होती. म्हणजे सात भोकं. ३३.२५ मिलिमीटरमधून सव्वा मिलिमीटर फट गेली की ३२. एका रिळात जास्त फोटो बसत आणि छपाईच्या कागदाच्या प्रमाणाशी हे चित्र छान जुळे. सगळं शहाणपणाचं होतं. पण कोडॅकच्या प्रयोगशाळांतली स्लाइड कापून पुठ्ठ्यात बसवणारी यंत्रं आठ भोकांच्या चालीवर बेतलेली होती. ताब्यातल्या जपानवर राज्य करणाऱ्या अमेरिकी प्रशासनाने त्यामुळे निर्यातीला हरकत घेतली, असं सांगतात. हरकत कागदोपत्री होती की नुसती कानउघाडणी, यावर वाद घालता येईल. परिणामावर मात्र वाद नाही. १९४९ च्या निकॉन एम मध्ये फिल्म आठ भोकं सरकू लागली, चौकट ३४ झाली, आणि १९५४ च्या एस२ पर्यंत निकॉन मुकाट ३६ वर आला.

त्या चार मिलिमीटरचं बिल पन्नास वर्षांनी आलं. सेन्सर बनवताना सिलिकॉनच्या चकतीवर विद्युत-मंडलाची आकृती प्रकाशाने छापतात. आज प्रचलित असलेल्या स्कॅनर यंत्रात एका वेळी जास्तीत जास्त २६ बाय ३३ मिलिमीटरचं क्षेत्र छापता येतं. एपीएस-सी सेन्सर (हे नावही १९९६ साली आलेल्या एका अल्पायुषी फिल्मचं) त्यात आरामात मावतो. ३६ मावत नाही. मग तुकड्यातुकड्याने छापून जोड बेमालूम जुळवावा लागतो. ३२ मात्र मावला असता!

इथे जाणकार मला अडवतील, आणि अडवावंच. चित्र टिपणाऱ्या भागाभोवती चिपला आणखी मंडलं लागतात, त्यामुळे ३२ सुद्धा काठोकाठ भरला असता. शिवाय फुल-फ्रेम डिजिटल नवा होता त्या काळात कॅननच्या यंत्रांवर एका दमात छापता येणारं सर्वांत मोठं माप म्हणजे २८.७ बाय १९.१ चं एपीएस-एच, असं कंपनी स्वतःच सांगत होती. म्हणजे तेव्हा माझी सात भोकंही कामाला आली नसती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरा खर्च जोडाचा नाही, क्षेत्रफळाचा. गोल पोळीतून मोठे चौकोन कापले की कडेला जास्त वाया जातं, तसंच हे. कॅननच्या हिशेबात आठ इंची चकतीतून फुल-फ्रेमचे फक्त २० सेन्सर निघत. त्यात एखादा कण कुठेही पडला की अख्खा मोठा तुकडा बाद. हे मला मान्य आहे. पण ३२ मुळे क्षेत्रफळही एक नवमांशाने घटलंच असतं, तेव्हा माझा मुद्दा पुरता मेलेला नाही.

या जास्तीच्या पैशांत मिळतं काय? कॅननच्याच दोन बॉड्या शेजारी ठेवू. २००४ ची २०डी: सेन्सर २२.५ बाय १५, ८.२ मेगापिक्सेल, १,४९९ डॉलर. २००५ ची ५डी: ३५.८ बाय २३.९, १२.८ मेगापिक्सेल, ३,२९९ डॉलर. क्षेत्रफळ अडीच पट, किंमत सव्वादोन पटीच्या आत. तंत्र एकाच पिढीचं, छिद्र आणि शटर तेच, म्हणजे गोळा झालेला प्रकाशही अडीच पट. त्यामुळे दोन्ही चित्रं एकाच आकारात छापली तर २०डीच्या आयएसओ ४०० ला जेवढा दाणा दिसेल, तेवढा ५डीला साधारण १००० ला दिसावा. लग्नाच्या हॉलमधल्या पिवळट उजेडात फोटो काढणाऱ्याला या फरकाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. भर उन्हात मात्र तो शोधावा लागतो, आणि उन्हातच फोटो काढणाऱ्याने त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत, असं मी कुणालाही सांगेन.

तरी ३६ सुटला का नाही? भिंगांमुळे. त्या चौकटीसाठी घडवलेली लाखो भिंगं लोकांच्या कपाटांत होती. ५० मिलिमीटरचं भिंग २०डीवर लावलं की ८० सारखं अरुंद दिसे, आणि भिंग म्हातारं होईपर्यंत मालकाला ते खुपत राही. निकॉननेही १९९९ च्या डी१ पासून लहान सेन्सरवर तग धरला, पण २००७ साली डी३ काढून ३६ पुढे पुन्हा मान तुकवली.

माझ्या सिद्धांताला सगळ्यात जास्त टोचतो तो २०१९ चा आकडा. त्या वर्षी कॅननची ईओएस आरपी ही फुल-फ्रेम बॉडी १,२९९ डॉलरला आली, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीच्या लहान सेन्सरच्या २०डीपेक्षाही स्वस्त. आठही भोकं शाबूत, तरीही. यावर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे, की तिच्यातला सेन्सर २०१७ च्या ६डी मार्क टू च्या जातकुळीतला होता, म्हणजे नवा घडवायचा खर्च आधीच वसूल होऊ लागला होता.