प्राणवायु आणि ताडीचें मडकें

जीवशास्त्राच्या पहिल्या वर्गांत वसईकडचे विद्यार्थी दरवर्षीं विचारितात, ‘झाडें आणि जनावरें शिकावयाचीं, तर हें रसायन कशाला?’ त्यांच्यापुढें मी एका नांवाचा इतिहास ठेवितों.

ज्वलनांत खपणाऱ्या वायूस लाव्हाझियेनें १७७७ मध्यें ‘आम्लजनक’ अशा अर्थाचें ग्रीक नांव दिलें. सर्व आम्लें त्यापासूनच होतात अशी त्याची समजूत होती. मिठाच्या आम्लांत हा वायु मुळींच नाहीं, हें डेव्हीनें १८१० च्या सुमारास दाखविलें. नांव मात्र टिकलें! आमच्या ग्रंथकारांचा ‘प्राणवायु’ मला अधिक मार्मिक वाटतो. कारण लाव्हाझियेचें खरें यश श्वासांत आहे. त्यानें व लाप्लासनें गिनी-पिग बर्फाच्या वेष्टनांत ठेविला, वितळलेलें बर्फ मोजिलें, आणि तितकाच कर्बाम्लवायु देणाऱ्या जळत्या कोळशाच्या उष्णतेशीं तें ताडून पाहिलें. श्वसन हें मंद ज्वलनच, असा निष्कर्ष त्यांनीं १७८३ मध्यें मांडिला.

तथापि आमचें नांवही निर्दोष नव्हे. भंडाऱ्यानें ताडाला बांधलेल्या मडक्यांतील पहाटेची गोड नीरा ऊन चढतां चढतां फेसाळते. त्यांतील किण्वजंतु ग्लुकोजच्या एका रेणूपासून मद्याचे दोन व कर्बाम्लवायूचे दोन रेणु करितात; या कामीं प्राणवायु लागत नाहीं. आंबणें म्हणजे हवेवांचून चाललेलें जीवन, हें पाश्चरनें १८६१ च्या सुमारास ओळखिलें.

हें सांगितल्यावर एकदां मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणून तर नीरेच्या मडक्याला आंतून चुना लावितात, सर!’ अगदीं बरोबर. चुन्याच्या क्षारधर्मानें त्या जंतूंचें काम मंदावतें.