पाठीवरची टाकी काखेत

पाणबुड्याने हवेची टाकी पाठीवरच का बांधावी? इंग्लंडमधील मेंडिप टेकड्यांच्या पाण्याने भरलेल्या अरुंद गुहांत शिरणाऱ्यांनी १९६०च्या दशकात ती कमरेच्या पट्ट्याला, कुशीशी बांधली. पाठीवर ती छताला अडके, आणि तिथे अडकणे म्हणजे मरणच.

१९८०च्या दशकात फ्लोरिडातील वुडी जॅस्पर आदींनी टाकीची मान काखेशी धरून ठेवायला चक्क सायकलची ट्यूब वापरली. पुण्यात पंक्चरवाल्याकडे मिळते तीच! रबर ताणते, म्हणून फटीतून जाताना टाकीचे बूड सोडून ती पुढे वळवता येते. तयार पट्टे बाजारात आले ते १९९०च्या दशकात.

मुलांकडून एक हिशेब करून घ्यावा. ११ लिटरच्या टाकीत वातावरणाच्या २०० पट दाबाने हवा भरली, लिटरला १.२ ग्रॅम धरल्यास सुमारे २.६ किलो. ती संपत आली की ॲल्युमिनियमची टाकी तरंगू लागते, बूड वर उचलते. मग बुडाची कडी पट्ट्यावर पुढे घ्यावी लागते.