खेळाचा पट आणि युद्धातील अंतर : जंजिरा मोहिमेच्या संदर्भात

बुद्धिबळात एकही मोहरा दुरून मारा करीत नाही. शत्रूचे घर व्यापूनच त्याला मारावे लागते. याउलट १८२४ मध्ये प्रशियात राइसवित्झ यांच्या युद्धखेळात १:८००० प्रमाणाचा नकाशा आला आणि तोफेचा पल्ला पट्टीने मोजण्याची सोय झाली. १९७४ मधील ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाच्या २००० सालच्या आवृत्तीत पटावरील एक इंची चौकोन पाच फुटांचा मानला आहे. भुयारातील हातघाईस हे माप पुरते. परंतु एका किलोमीटरला सुमारे ६५६ चौकोन, म्हणजे साडेसोळा मीटरांहून लांब पट लागेल!

श्रीवर्धनच्या इतिहासाला हे माप तोकडे आहे. येथील देशमुखीचे वतन बाळाजी विश्वनाथांच्या घराण्याकडे होते आणि हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीचा होता. १७३३ च्या मोहिमेत बाजीरावांनी राजपुरी घेतली. समोरचे बेट मात्र हाती आले नाही. मधले पाणी आणि त्यावर रोखलेल्या तोफा हाच तेथील खरा तट होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पाच फुटी चौकोनांच्या पटावर हे पाणी मावतच नाही. राइसवित्झ यांच्या प्रमाणात मात्र एक किलोमीटर साडेबारा सेंटिमीटरांत बसतो, आणि राजपुरीचा किनारा व बेट एकाच टेबलावर येतात.