बालमेनने दिलेली पुढे चाल

सिडनीच्या रग्बी लीगमध्ये १९०९ सालचे विजेते म्हणून साउथ सिडनीचं नाव लागलेलं आहे. क्लबच्या आजवरच्या २१ विजेतेपदांमध्ये ते धरलंही जातं. पण त्या वर्षीची अंतिम लढत झालीच नाही. १८ सप्टेंबरला बालमेनचा संघ मैदानात उतरला नाही आणि साउथला पुढे चाल मिळाली. लालबाग-परळच्या मैदानांवर कबड्डीची पंचगिरी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे चाल दिली की दोन्ही बाजूंचे लोक पंचाला काय काय ऐकवतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे मुलीकडे सिडनीला असताना ही हकीकत कानावर आली, तेव्हा तिच्या मुळाशी गेल्याशिवाय मला राहवलं नाही.

मुळाशी होता पैसा, तोही तिकीटखिडकीवरचा. १९०७च्या जुलैमध्ये न्यू साउथ वेल्स विरुद्ध न्यूझीलंड हा रग्बीचा सामना पाहायला सिडनी क्रिकेट मैदानावर ५२ हजारांच्या वर लोक आले होते. रग्बी युनियनची तिजोरी भरली. खेळाडू मात्र हौशी. दौऱ्यावर गेल्यास खर्चाला रोज ३ शिलिंग, आणि हाडबीड मोडलं तर ज्याचं त्याने निस्तरायचं. ग्लीब भागातला अ‍ॅलेक बर्डन हा न्हावी. खेळताना त्याला दुखापत झाली, काम थांबलं, युनियनने हात वर केले. अशा तक्रारी घेऊन माणसं व्हिक्टर ट्रम्परच्या क्रीडासाहित्याच्या दुकानात जमू लागली. ट्रम्पर म्हणजे १९०२ मध्ये मँचेस्टरच्या कसोटीत पहिल्याच दिवशी उपाहाराआधी शतक ठोकणारा. ८ ऑगस्ट १९०७ रोजी बेटमन्स क्रिस्टल हॉटेलात नवी लीग स्थापन झाली. हेन्री हॉइल अध्यक्ष, जेम्स गिल्टिनन चिटणीस, ट्रम्पर खजिनदार. इंग्लंडच्या उत्तरेत गिरणी-खाण कामगारांच्या बुडालेल्या मजुरीवरून १८९५ मध्ये जी फूट पडली होती, तिचंच हे सिडनीतलं भावंड. नियमही तिथलेच घेतले, १५ ऐवजी १३ खेळाडूंचे.

पहिला हंगाम १९०८च्या ईस्टर सोमवारी, २० एप्रिलला सुरू झाला. संघ मोहल्ल्यांचे: खेळाडूने त्याच भागात राहायला हवं, अशी अट. आमच्याकडे चाळीच्या मंडळाचा संघ असायचा, त्यातलाच हा प्रकार. अंतिम सामन्यात साउथने ईस्टर्न सबर्ब्सला १४-१२ असं हरवलं. सामना चुरशीचा झाला, पण प्रेक्षक जेमतेम ४ हजार, कारण डॅली मेसेंजरसह नावाजलेले खेळाडू तोवर इंग्लंडच्या दौऱ्यावर निघून गेले होते. स्पर्धा ऐन अंतिम टप्प्यात असताना तिचे मोहरे काढून घ्यायचे, ही आयोजकांची खोड पहिल्याच वर्षी दिसली.

त्या दौऱ्याने तो नेणाऱ्या गिल्टिननला धुळीला मिळवलं. ऑस्ट्रेलियाचा संघ, म्हणजे कांगारू, लँकेशायरला पोचला तेव्हा तिथल्या कापड गिरण्या पगारकपातीच्या वादात बंद होत्या आणि सुमारे सात आठवडे बंदच राहिल्या. ज्याच्या घरात पगार नाही तो तिकीट कुठून काढणार? त्याच वर्षी जुलैमध्ये टिळकांना शिक्षा झाली म्हणून मुंबईच्या गिरण्या सहा दिवस थंड पडल्या होत्या; लँकेशायरचं कारण वेगळं. पण गिरणीचा भोंगा थांबला की मैदानांची काय दशा होते, हे १९८२च्या संपानंतर आम्हीही पाहिलं. दौरा कर्जात गेला. परतीच्या भाड्याला इंग्लंडच्या संघटनेने हात दिला. गिल्टिननचं दिवाळं निघालं, आणि १९०९च्या हंगामाच्या तोंडावर हिशेबावरून झालेल्या भांडणात हॉइल, गिल्टिनन आणि ट्रम्पर तिघेही पदांवरून गेले. ज्यांनी लीग उभी केली, त्यांना दीड-दोन वर्षांत बाहेरचा रस्ता दाखवला गेला.

आठ संघांचा दुसरा हंगाम सुरू झाला खरा, पण लीग तग धरेल की नाही याची शंका होतीच. तिला तारलं हॉटेलवाल्या जेम्स जॉइंटन स्मिथने. हाच पुढे सिडनीचा लॉर्ड मेयर झाला. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रग्बीचं सुवर्णपदक आणणारा युनियनचा संघ, म्हणजे वॉलबीज, नुकताच मायदेशी परतला होता. स्मिथने पैसा ओतून त्यातले १४ जण फोडले. कर्णधार क्रिस मॅकिव्हॅटला २०० पौंड मिळाल्याचं सांगतात. ही रक्कम केवढी? १९०७ मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी हार्वेस्टर खटल्यात बायको आणि तीन मुलं असलेल्या अकुशल कामगाराला आठवड्याला ४२ शिलिंग योग्य ठरवले होते. त्या हिशेबाने २०० पौंड म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची मजुरी. युनियनने या सगळ्यांवर जन्मभराची बंदी घातली.

मग कांगारू विरुद्ध वॉलबीज अशी मालिका लावली गेली. ४ सप्टेंबरचा पहिला सामना कांगारूंनी २९-२६ असा जिंकला. गर्दी लोटली, गल्ला भरला. लीग वाचली, यात वाद नाही. पण स्पर्धेची अंतिम लढत या सामन्यांपायी मागे पडत गेली. शेवटी ठरलं की १८ तारखेला अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीच्या मैदानावर कांगारू-वॉलबीजचा चौथा सामना होईल, आणि साउथ-बालमेन अंतिम लढत त्याच्या आधी उरकायची. हंगामभर राबून गाठलेला अंतिम सामना प्रदर्शनी सामन्याच्या तोंडी लावायला.

बालमेनने नकार दिला. हा भाग गोदीचा, कोळशाचा, मॉर्ट्स डॉकच्या कारागिरांचा. १८९०च्या सागरी संपाचा चटका बसलेला, मजूर पक्षाच्या अगदी पहिल्या शाखांपैकी एक १८९१ मध्ये जिथे निघाली ती ही वस्ती. तिथल्या पोरांनी घरी बसून निषेध केला नाही. ती मैदानाच्या फाटकावर उभी राहिली आणि येणाऱ्यांना सांगू लागली, आत जाऊ नका. गिरणीच्या फाटकावर जे करतात तेच. लोकांनी ऐकलं नाही, तिकीट काढून आत गेले. ठरल्या वेळी साउथ मैदानात आले. समोर कोणी नाही. त्यांनी चेंडूला लाथ मारली, स्वतःच उचलला, रेषेपार टेकवला, आणि विजेतेपद त्यांना बहाल झालं. नंतरच्या मुख्य सामन्यात कांगारू ८-६ने जिंकले.

बालमेनवाले पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिले की न खेळण्याचं दोन्ही संघांत ठरलं होतं आणि साउथने शब्द फिरवला. साउथला हे कधी मान्य झालं नाही. बालमेनने १९१५ मध्ये एकही सामना न हरता पहिलं विजेतेपद घेतलं, १९१६ आणि १९१७ मध्येही तेच जिंकले. १९६९च्या अंतिम सामन्यात साउथला ११-२ असं हरवलं तेव्हा जुन्या बालमेनकरांनी साठ वर्षांचा हिशेब चुकता झाल्याचं मानलं असेल, तर नवल नाही. आता तो क्लब वेस्टर्न सबर्ब्सशी एकत्र येऊन २००० सालापासून वेस्ट्स टायगर्स या नावाने खेळतो. आणि ज्या गिल्टिननला लीगने दाराबाहेर काढलं, त्याच्या नावाची ढाल आज साखळीत पहिला येणाऱ्या संघाला दिली जाते.

त्या दिवशी शिट्टी माझ्या हातात असती, तर मीही साउथलाच पुढे चाल दिली असती. आतून कुणी काय ठरवलं, कोणी कोणाला शब्द दिला, हे पंचाने पाहायचं नसतं. वेळ झाली, एक संघ हजर, दुसरा नाही. साउथच्या विजेतेपदाला मी खोटं म्हणणार नाही. पण बालमेनला रडे म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. तिकिटाचा पैसा ज्यांच्या जिवावर मिळतो त्यांचा मान राखायचा, या एका मुद्द्यावर ही लीग युनियनमधून फुटली होती. दोन वर्षांत तिने आपल्याच दोन संघांना गर्दी जमेपर्यंतचा वेळ भरून काढायला वापरलं. वॉलबीजना २०० पौंड देणं चूक नव्हतं. त्या पैशाने खेळ जगला. पण अंतिम सामन्याला एक शनिवार मोकळा ठेवणं काही अशक्य नव्हतं. पंच म्हणून मी गैरहजर संघाला बाद करू शकतो. वेळापत्रक लावणाऱ्यांना बाद करायची सोय मला आमच्या कबड्डीच्या नियमपुस्तकातही कधी सापडली नाही.